डाव्या हाताचा हिशेब

शारजाहून सुयोगने डबी पाठवली.
काळी, आत मखमल, झाकणाला काच.
छोट्या उशीला घड्याळ बांधायचं, बटण दाबायचं,
की उशी फिरते,
थोडी उजवीकडे, थांबते, मग डावीकडे,
झोपेत कुणी कूस बदलावी तशी.
"आई, आता बाबांचं घड्याळ बंद पडणार नाही."

यांचं घड्याळ हातावर चालणारं.
चावी नाही, सेल नाही.
हात हलला की आतलं अर्धचंद्राएवढं वजन फिरतं
आणि स्प्रिंग भरते.
चौतीस वर्षं गोदीत क्रेनवर दांडे ओढले या माणसाने.
रविवारीसुद्धा बसवत नसे:
पंखा पूस, नळाचा वायसर बदल,
शेजाऱ्यांचं दार करकरतं म्हणून त्याला तेल घाल.
घड्याळाला कधी काही मागावं लागलं नाही.

मार्चमध्ये डावी बाजू गेली.
नर्सने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.
दोन दिवसांनी पर्स उघडली तर
सव्वाचारवर थांबलेलं.
मी कुणाला बोलले नाही.

डबी घेऊन मुकादमांकडे गेले,
डॉकयार्ड रोडच्या उतारावर.
दुकान कसलं, जिन्याखाली एक खुर्ची आणि काचेचं कपाट.
वापरू का हो ही?
डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले,
"वहिनी, चालत राहिलं तर झिजतं,
पडून राहिलं तर तेल सुकतं.
दोन्हीकडून माझंच दुकान चालतं."
मग भिंग काढलं.
"थांबलं म्हणजे मेलं नाय. वेळ लावायची,
जरा हलवायचं, झालं.
साहेब कसे हायत?"

ग्रीष्मा येते नऊला. तेवीस वर्षांची पोर,
यांचा हात धरून वर, खाली, वीस वेळा.
"काका, तुम्ही उचला, मी नाही."
मीच एक दिवस घड्याळ पुन्हा
डाव्या मनगटावर बांधलं. पट्टा दोन भोकं आत.
सकाळी वेळ लावून द्यायची,
आणि दुधाच्या वहीत, मागच्या पानावर,
किती वाजता थांबलं ते लिहायचं.
सोमवार, रात्री साडेअकरा.
गुरुवार, बारा वीस.
पुढच्या मंगळवारी पावणेदोन.
मधे एकदा नऊ. त्या दिवशी ताप होता.

डबीत ठेवलं असतं तर
घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर राहिलं असतं
आणि मला काहीच कळलं नसतं.

गेल्या शनिवारी पहाटे सहाला उठले,
तर चालू!
सेकंदकाटा पगाराच्या दिवसासारखा फिरतोय.
चहात आलं जास्त टाकलं.
सुयोगला फोन लावला. उचलला नाही, बरं झालं.

कारण दुपारी, कुकरच्या शिट्या मोजता मोजता,
दाराच्या फटीतून दिसलं:
हे उजव्या हाताने डावं मनगट धरून
हलवतायत. हळूहळू.
डब्यातला लाडू काढणाऱ्या पोरासारखे
एक डोळा दाराकडे.
मी मागे सरले. एक पातेलं मुद्दाम वाजवलं.
मग आत गेले.

वहीत काय लिहावं?
सहा, लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं,
पुढे बारीक अक्षरात: उजव्यासकट.

ग्रीष्माला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून हसली.
"मावशी, हाच तर व्यायाम मी जूनपासून सांगतेय!
माझ्यासमोर करत नाहीत."
माझ्यासमोरही नाही.

सुयोग विचारतो, वापरता ना डबी?
म्हटलं, हो रे, छान फिरते.
मला सैल झालेल्या काचेच्या बांगड्या आहेत तिच्यात,
उशीभोवती, सात.
काल सहज बटण दाबलं,
आणि त्या किणकिणत निघाल्या, उजवीकडे, डावीकडे,
तर आतून यांचा आवाज,
जड, पण अख्खा:
"कोण आलं गं?"